वास्तूची वंशावळ

रायपूरच्या जयस्तंभ चौकापासून कोतवालीकडे जाणारा मालवीय मार्ग, त्याला लागून पसरलेला गोलबाजार आणि कोतवालीपलीकडे सराफांच्या पेढ्यांनी भरलेला सदर बाजार, हा या शहराचा सर्वांत प्राचीन भाग नसला तरी त्याच्या गेल्या दीडदोनशे वर्षांच्या घडामोडींचा सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. नव्या नामफलकांच्या वर दृष्टी नेली, तर कोठे लाकडी सज्जा, कोठे चुन्याच्या गिलाव्यातील वेलबुट्टी, कोठे कौलांची उतरती पाख अजूनही नजरेस पडते. अशा घराचे वय कोणी विचारले, तर आसपासची मंडळी मोठ्या आपुलकीने ‘भोसल्यांच्या वेळचे’ असे उत्तर देतात. हे उत्तर खोटे म्हणून झिडकारण्याचे कारण नाही, परंतु ते खरे म्हणून स्वीकारण्यापूर्वी त्याला पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहणे हे ज्याला त्या घराविषयी खरा जिव्हाळा आहे त्याचे कर्तव्यच ठरते. आणि हे काम केवळ पदवीधर इतिहाससंशोधकांनीच करावे असे मुळीच नाही, कारण त्याला लागणारी मुख्य सामग्री म्हणजे चिकाटी, साक्षेप आणि कागद वाचण्याची सवय ही होय.

या संशोधनाचा पहिला नियम असा, की वाटचाल आजपासून मागे करावयाची. अमुक राजाने अमुक साली गाव वसविले येथून आरंभ करून आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत यावयाचे, ही रीत मनाला सुखावणारी असली तरी मधले दुवेच त्यात नेमके गळून पडतात. उलट आजचा धनी कोण, त्याला हे घर कोणाकडून आले, त्या आधीच्या धन्याला ते वारसाने मिळाले की खरेदीने, असे एकेक पाऊल मागे टाकीत गेल्यास घराची अखंड वंशावळ तयार होते, आणि जेथे पाऊल अडते तेथे नेमका कोणता कागद शोधावयाचा तेही कळते. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा आहे. कोणताही दस्तऐवज इतिहास सांगण्यासाठी लिहिलेला नसतो. तो कर वसूल करण्यासाठी, कर्ज सुरक्षित ठेवण्यासाठी, भावाभावांतील तंटा मिटविण्यासाठी लिहिलेला असतो. म्हणून ज्या हेतूने तो लिहिला गेला त्या हेतूपुरतीच त्याची साक्ष प्रमाण मानावी, त्यापलीकडे नाही.

शोध मागे मागे नेताना कोणत्या काळात कोणाचे दप्तर लागेल हे समजण्यासाठी रायपूरवरील राजवटींचा क्रम मनात स्पष्ट असला पाहिजे. कलचुरींच्या रायपूर शाखेतील ब्रह्मदेवाचा विक्रम संवत १४५८ चा, म्हणजे इसवी सन १४०२ च्या सुमाराचा शिलालेख उपलब्ध आहे, आणि महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींचे लेख एकत्र करून १९५५ साली सिद्ध केलेला ग्रंथ या कालखंडाच्या अभ्यासाचा पाया आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत छत्तीसगडावर चालून आले. पुढे १७५८ च्या सुमारास बिंबाजी भोसले यांचा प्रत्यक्ष अंमल सुरू झाला, आणि १७८७ साली ते निवर्तल्यानंतर नागपूरहून नेमलेले सुभेदार कारभार पाहू लागले. १८१८ साली इंग्रजांनी भोसल्यांच्या नावाने या मुलखाचा कारभार हाती घेतला. त्यांचे अधिकारी ॲग्न्यू यांनी रतनपूरची कचेरी रायपूरला आणली, आणि आजच्या बाजारपेठेच्या उत्कर्षाचा उगम या एका निर्णयात आहे. १८३० साली कारभार पुन्हा भोसल्यांकडे गेला, १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि १८६७ साली रायपूरची नगरपालिका स्थापन झाली. एका घराच्या जागेवर इतक्या सत्ता येऊन गेल्या असतील, तर तिच्याविषयीचे कागदही तितक्याच प्रकारांचे असणार हे उघड आहे.

कागदांकडे वळण्यापूर्वी वास्तूला स्वतःला बोलू द्यावे. छपराची ठेवण, भिंतीची जाडी, विटेची घडण, जोडकामातील चुना किंवा सिमेंट, यांतले प्रत्येक अंग काही ना काही कालनिर्देश करते. पातळ, चपट्या विटा आणि चुन्याचे जोडकाम जुन्या परंपरेचे. सिमेंटचे काम आढळले तर तो भाग बहुधा विसाव्या शतकातील, कारण आपल्या देशात सिमेंटचे उत्पादन व्यापारी प्रमाणावर १९१४ च्या सुमारास सुरू झाले. छताला लोखंडी तुळया असतील तर शिडी लावून त्यांच्यावरील ठसा अवश्य वाचावा. विलायती कारखान्याचे नाव असलेली तुळई रेल्वे आल्यानंतरच्या काळाकडे बोट दाखविते. टाटांच्या जमशेदपूर येथील कारखान्यात पहिले पोलाद १९१२ साली निघाले, म्हणून त्यांचा ठसा असलेली तुळई त्यापूर्वीची असू शकत नाही. आणि रायपूरच्या शेजारी असलेल्या भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, म्हणून भिलाईच्या लोखंडाने केलेली दुरुस्ती त्यानंतरचीच. पायऱ्यांना आणि अंगणाला जी करडी फरशी दिसते, ती या प्रदेशात विपुल असलेल्या चुनखडकाची असून ती सर्वच काळांत वापरली गेल्यामुळे तिच्यावरून वयाचा निर्णय करू नये. नळाच्या जुन्या लोखंडी वाहिन्या आढळल्या तर नांदगावचे राजे बलरामदास यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि १८९२ साली सुरू झालेल्या पाणीपुरवठ्याचे स्मरण ठेवावे.

अशा निरीक्षणातून बहुधा एक गोष्ट प्रत्ययास येते, ती अशी की बाजारपेठेतील घराला एकच वय नसते. दर्शनी भाग एका पिढीने रस्ता रुंद झाल्यावर नव्याने बांधलेला, माजघर आणि चौक त्याच्या दोन पिढ्या आधीचे, आणि ज्या जोत्यावर हे सारे उभे आहे ते कदाचित त्याहूनही जुने, अशी स्थिती असते. म्हणून ‘घर कधीचे?’ या एका प्रश्नाचे जागा कधीची, जोते कधीचे, भिंती कधीच्या आणि दर्शनी बाजू कधीची, असे चार प्रश्न करावेत आणि प्रत्येकाचे उत्तर निरनिराळ्या पुराव्याने द्यावे.

आता कागद. आरंभ घरातल्या संदुकीपासून करावा. कारण मूळ खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे, कराच्या पावत्या आणि जुनी पत्रे यांचे गाठोडे पुष्कळ घरांत देवघराच्या वरच्या फळीवर अजूनही पडलेले असते. त्यानंतर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावे. सध्या लागू असलेला नोंदणीचा कायदा १९०८ चा असला तरी त्याआधीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे कायदे झालेले होते, आणि स्थावर मिळकतीचे दस्त ज्या पहिल्या पुस्तकात उतरविले जातात ते पुस्तक व त्याच्या सूची विहित शुल्क भरून कोणालाही पाहता येतात, हा नागरिकाचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. पहिली सूची व्यक्तींच्या नावांनी आणि दुसरी मिळकतीच्या अनुक्रमाने लावलेली असते; म्हणून धन्याचे नाव ठाऊक असेल तर पहिलीत आणि केवळ जागा ठाऊक असेल तर दुसरीत शोध घ्यावा.

दस्त हाती आला म्हणजे बहुतेक लोक खरेदीदाराचे नाव, रक्कम आणि तारीख टिपून तो मिटून ठेवतात, आणि त्यातील सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे चतुःसीमा, तशीच सोडून देतात. पूर्वेस अमक्या सावकाराचे दुकान, पश्चिमेस सरकारी रस्ता, उत्तरेस अमक्या बोवांचा मठ, दक्षिणेस पडीत जागा, असे त्या चार ओळींत लिहिलेले असते आणि त्यांतून एका क्षणीची शेजारव्यवस्था गोठून राहिलेली असते. एका घराची चतुःसीमा शेजारच्या घराच्या दस्ताशी, आणि त्याची त्याच्या शेजाऱ्याच्या दस्ताशी पडताळीत गेल्यास, ज्या रस्त्याचा एकही जुना नकाशा उपलब्ध नाही त्याचा अमुक दशकातील संपूर्ण आराखडा कागदावर उतरविता येतो. इंग्लंड-अमेरिकेतील शहरांसाठी विमा कंपन्यांच्या उपयोगाकरिता एकोणिसाव्या शतकात घरोघरचे तपशीलवार नकाशे तयार झाले आणि तेथील संशोधकांना ते आयते लाभले. आपल्याला तेच काम चतुःसीमा आणि नझूलच्या मोजणीचे तक्ते यांच्या मेळातून करावे लागते. रस्त्यांच्या नावांवर मात्र विसंबू नये. जयस्तंभ हे नाव स्वातंत्र्यानंतरचे, मालवीय मार्ग हेही थोर पुरुषाच्या गौरवार्थ दिलेले. जुन्या दस्तात ही नावे शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, तेथे शेजाऱ्यांची नावेच वाट दाखवितात.

नझूल म्हणजे शहरातील सरकारी मालकीची जमीन. रायपुरातील पुष्कळ बाजारजागा या सदरात मोडत असल्यामुळे पट्टा कोणाला, किती मुदतीचा आणि कोणत्या अटींवर दिला, त्याचे नूतनीकरण केव्हा झाले आणि फेरफार कोणाच्या नावे पडला, याची मिसल जिल्हा कचेरीच्या दप्तरात सापडण्याचा संभव असतो. नगरपालिकेच्या मालमत्ताकराच्या नोंदवह्या आणि बांधकामाच्या परवानग्या हाही मोठा आधार आहे. मात्र आरंभीच्या काळात मध्यप्रांतातील नगरपालिकांचे उत्पन्न मुख्यतः जकातीवर चालत असे, त्यामुळे नगरपालिका १८६७ ची म्हणून घराची नोंद १८६७ पासून मिळेलच असे गृहीत धरू नये. दिवाणी न्यायालयातील वाटणीच्या दाव्यांत तर घराचा नकाशा, कुळाचा वंशवृक्ष आणि साक्षीदारांच्या जबान्या या तिन्ही गोष्टी एकत्र असतात. कुटुंबातील कलह त्या कुटुंबाला दुःखदायक असला तरी पुढच्या पिढीतील संशोधकाला त्याची मिसल अमोल ठरते.

काही साक्षी अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळतात. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याप्रमाणे छापखाना चालविणाऱ्याला तो कोठे आहे हे दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापूर्वक नोंदवावे लागे आणि प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रणस्थान द्यावे लागे; त्यामुळे ज्या घरात कधीकाळी छापखाना होता त्याचा माग एखाद्या जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरही लागतो. रायपूरच्या मराठी माणसांना या गोष्टीचे विशेष अगत्य वाटावे, कारण जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे ही तिन्ही माणसे मराठी कुळांतील होती. सप्र्यांनी पुढे लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद केला आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला, लाख्यांनी या प्रदेशातील सहकारी चळवळीचा पाया घातला, आणि त्यांच्या नावाची वस्ती शहरात आजही आहे. सदर बाजारातील मारवाडी आणि गुजराती पेढ्यांच्या वह्या हाही असाच एक उपेक्षित ठेवा होय. दिवाळीला नव्याने मांडल्या जाणाऱ्या त्या वह्यांत घरदुरुस्तीचा, भाड्याचा आणि मजुरीचा खर्च तारीखवार सापडू शकतो. आणि कुळातील पिढ्यांचा क्रम लागत नसेल तर त्र्यंबकेश्वर किंवा गया येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात, कारण तेथे यात्रेला गेलेल्या पूर्वजांनी गाव, नाव आणि वडील-आजोबांची नावे लिहवून ठेवलेली असतात.

तारखांचा प्रश्न येथेच सोडविला पाहिजे. मराठी कागदात शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन मिळतो, विक्रम संवतातून ५७ वजा करावे लागतात, आणि फसली सनात प्रदेशभेदाने ५९० ते ५९३ मिळवावे लागतात. तसेच गुजराती व्यापाऱ्याचे संवत्सर कार्तिकात पालटते तर उत्तरेकडील चैत्रात, हा भेद न पाळल्यास एका वर्षाची चूक सहज होते. रक्कम नागपुरी रुपयांत लिहिलेली असेल तर तो कागद भोसल्यांच्या काळाकडे झुकतो, कारण खालसा झाल्यानंतर ते नाणे चलनातून मागे पडले.

सार्वजनिक इमारतींवर ही पद्धत कशी चालते ते पाहावे. घडी चौकाजवळची अष्टकोनी इमारत, जी आज महाकोशल कलावीथिका म्हणून ओळखली जाते, ती १८७५ साली नांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या देणगीतून संग्रहालयासाठी उभारली गेली, आणि संग्रहालयाची नवी इमारत १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुली झाली. येथे दाता, हेतू आणि वर्ष तिन्ही निश्चित आहेत. तरीही महंत घासीदास आणि सतनाम पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास या दोन भिन्न पुरुषांची गल्लत करणारे लेखन आढळते, आणि नुसत्या नामसाम्यावर विश्वास ठेवण्याचा धोका त्यातून दिसतो. मालवीय मार्गावरील कैसर-ए-हिंद दरवाजाचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. व्हिक्टोरिया राणीची ही पदवी १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात जाहीर झाली. तेव्हा दरवाजाच्या दगडांचे वय काहीही असो, त्याचे हे नाव त्या दिवसापूर्वीचे असू शकत नाही, असा निश्चित निष्कर्ष एकही दस्तऐवज न पाहता काढता येतो.

परंपरेची परीक्षा घ्यावयाची असेल तर बुढापाऱ्यातील डे भवनाइतके बोधप्रद उदाहरण दुसरे नाही. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगविख्यात झालेला नरेंद्रनाथ दत्त हा चौदा वर्षांचा मुलगा १८७७ साली वडील विश्वनाथ दत्त यांच्यामागून रायपुरास आला, त्या वेळी रेल्वे केवळ नागपूरपर्यंत असल्याने पुढचा मार्ग त्याने बैलगाडीने कापला, आणि १८७९ साली कुटुंब कलकत्त्यास परतले, हे त्याच्या चरित्रकारांनी नमूद केलेले आहे. त्याचे वास्तव्य रायबहादूर भूतनाथ डे यांच्या या घरात होते अशी शहराची दृढ श्रद्धा आहे. याच डे कुटुंबात बहुभाषाकोविद हरिनाथ डे वाढले, जे पुढे कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. आता नरेंद्रनाथाच्या वास्तव्याविषयीच्या त्या एका वाक्यात वस्तुतः तीन विधाने आहेत: नरेंद्रनाथ रायपुरात होता, घर डे कुटुंबाचे होते, आणि तो या घराच्या याच भिंतींत राहिला. पहिल्याला चरित्रे प्रमाण, दुसऱ्याला मिळकतीचे दस्त प्रमाण, तिसऱ्याला मात्र समकालीन पत्र, रोजनिशी किंवा घराच्या बांधकामाचा पुरावा हवा. भाडेकरू म्हणून किंवा पाहुणा म्हणून राहिलेल्या माणसाचा मागमूस नोंदणीच्या पुस्तकांत लागत नाही, कारण एका वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी कायद्याने सक्तीची केलेली नाही. म्हणून दस्तात नाव नाही एवढ्यावरून परंपरा खोटी ठरत नाही, आणि परंपरा दृढ आहे एवढ्यावरून ती सिद्धही होत नाही. ती परंपरा म्हणूनच नोंदवावी, ती प्रथम कोणी, केव्हा सांगितली हे लिहावे, आणि पुराव्याची जागा मोकळी ठेवावी. श्रद्धेचा याहून मोठा आदर संशोधक करू शकत नाही.

शहरातले दप्तर जेथे संपते तेथून प्रवास शहराबाहेर पडतो. १९५६ पर्यंत राजधानी नागपूर, त्यानंतर १ नोव्हेंबर २००० पर्यंत भोपाळ, आणि मग रायपूर, अशा स्थित्यंतरांमुळे या शहराचे शासकीय कागद तीन ठिकाणी विखुरले आहेत. मुद्रित साधनांत जेंकिन्सचा १८२७ चा नागपूर राज्यावरील अहवाल, हेविटचा १८६९ चा रायपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल, ग्रँटचे १८७० चे आणि नेल्सनचे १९०९ चे गॅझेटियर, तसेच यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ ही प्रमुख होत. आणि १८५४ च्या मागे गेलो की भोसल्यांचे कमाविसदार आणि फडनवीस यांचे कागद लागतात. त्यांची भाषा मराठी आणि लिपी मोडी आहे.

या ठिकाणी मराठी वाचकाचे उत्तरदायित्व सुरू होते. रायपुरातील ज्या घराचा मागोवा घेत आपल्या शेजारचा छत्तीसगढी, मारवाडी किंवा बंगाली गृहस्थ अठराव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत येईल, त्याला तेथून पुढे नेणारी भाषा आपली मातृभाषा आहे. तात्यापारा, ब्राह्मणपारा या वस्त्यांतून आलेल्या कुटुंबांच्या संदुकीत असलेला मोडीचा एखादा बंद केवळ त्या कुटुंबाचा नसून शहराचा आहे, आणि तो वाचण्याइतकी मोडी कोणत्याही सुशिक्षित मराठी माणसाला थोड्या महिन्यांच्या अभ्यासाने येऊ शकते. भोसल्यांचा अंमल येथील प्रजेला सर्वकाळ सुखाचा झाला असे इतिहास म्हणत नाही. करवसुलीची कठोरताही याच कागदांत लिहिलेली आहे. ती वाचून जशी आहे तशी शेजाऱ्यापुढे ठेवणे, यातच आपल्या वारशाची खरी प्रतिष्ठा आहे.

लंडनमध्ये १८९३ साली एक जुना राजवाडा पाडला गेला, तेव्हा व्यथित झालेल्या ॲशबी नावाच्या वास्तुविशारदाने पुढच्याच वर्षी स्वयंसेवकांना हाताशी धरून शहरातील जुन्या वास्तूंच्या नोंदीचे काम सुरू केले, आणि एका मंडळीच्या हौसेतून सुरू झालेले ते कार्य शतकाहून अधिक काळ ग्रंथमालेच्या रूपाने चालू राहिले. रायपुरातही ते अशक्य नाही. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेने, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने किंवा एका गल्लीतील चार घरांनी मिळून मालवीय मार्ग ते सदर बाजार या टप्प्यातील प्रत्येक जुन्या घरासाठी एक नोंदपत्र तयार करावे: दर्शनी भागाचे छायाचित्र, तळमजल्याचा आराखडा, तुळयांवरील ठसे, मालकांची मागे जाणारी साखळी, प्रत्येक विधानासमोर त्याचा पुरावा, आणि परंपरा असेल तर ती वेगळ्या रकान्यात. रस्तारुंदीकरणात किंवा वारसांच्या वाटणीत काही घरे जातील, हे टाळणे पुष्कळदा कोणाच्याच हाती नसते; परंतु घर पाडावयाचे, राखावयाचे की त्याचा दर्शनी भाग तरी वाचवावयाचा, हा निर्णय ते काय आहे हे जाणून घेतला जावा, एवढे तरी आपल्याला निश्चित साधता येईल, आणि त्याचा आरंभ करण्यास घरातली संदूक उघडण्यापलीकडे कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही.